छोट्या फोर-बाय-फोरचं इंजिन रीमॅप करताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

चढावर गाडी ओढत नाही, दुसऱ्या गिअरमध्ये दम सोडते, ओव्हरटेकला पिकअप नाही. छोट्या फोर-बाय-फोर गाड्यांबद्दल या तक्रारी नेहमीच्या, आणि त्यावर 'रीमॅप करून घे' हा सल्लाही नेहमीचा. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात) साठवलेले तक्ते बदलणं. किती हवेला किती इंधन द्यायचं, ठिणगी किती अंश आधी टाकायची, पेडल इतकं दाबलं तर थ्रॉटल किती उघडायचा, हे सगळं त्या तक्त्यांत असतं. एकही पार्ट न बदलता इंजिनाचा स्वभाव बदलतो, म्हणून काम सोपं वाटतं. पण ऑफ-रोड गाडीला जो रीमॅप लागतो तो रस्त्यावरच्या गाडीपेक्षा वेगळा असतो, आणि हे न सांगता काम दिलं तर डायनोच्या (गाडी रोलरवर चढवून ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर आकडा वाढतो, चढावर मात्र गाडी आधीपेक्षा अवघड होऊन बसते.

१. आधी हिशेब करा: किती मिळणार आहे?

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात रीमॅपने साधारण ५ ते ८ टक्के वाढ मिळते. टर्बो पेट्रोल किंवा टर्बो डिझेलमध्ये २० ते ३० टक्के मिळू शकते. कारण साधं आहे. टर्बो नसेल तर सिलिंडरमध्ये जाणारी हवा वातावरणाच्या दाबानेच जाते आणि सॉफ्टवेअर ती फारशी वाढवू शकत नाही. टर्बो असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवता येतो.

सुझुकी जिम्नीचं उदाहरण घेऊ. तिचं के१५बी इंजिन १४६२ सीसीचं, टर्बोशिवाय. ताकद ६००० आरपीएमला ७५ किलोवॅट म्हणजे १०२ पीएस, आणि टॉर्क ४००० आरपीएमला १३० न्यूटन-मीटर. त्यात ६ टक्के वाढ झाली तर टॉर्क १३८ च्या आसपास जातो. आता टायर बघा. कंपनीचा १९५/८० आर १५ टायर ६९३ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकला की व्यास ७३३ मिलिमीटरच्या वर जातो. टायर जवळजवळ ६ टक्क्यांनी मोठा झाला, म्हणून जमिनीवर मिळणारी ओढ साडेपाच टक्क्यांनी घटली. म्हणजे मोठे टायर घातलेल्या गाडीत रीमॅप करून तुम्ही फक्त मूळ जागेवर परत येता. वजनाचं गणित वेगळंच: लोखंडी बंपर, विंच, रूफ कॅरिअर आणि सामान मिळून दीडशे किलो चढवले, तर एक-सव्वा टनाच्या गाडीसाठी तो मोठा बोजा आहे.

उंचीचंही तसंच. टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटर उंचीला सुमारे १० टक्के ताकद गमावतं. हवाच विरळ असते, तिला रीमॅप काही करू शकत नाही.

म्हणून टायर मोठे असतील तर पैसे आधी डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन बदलण्यावर घाला. पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो एकच हवा, नाहीतर फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) भरडला जाईल. त्यानंतरही ताकद कमी वाटली तर रीमॅपकडे या.

जपानी बाजारातल्या ६६० सीसी टर्बो जिम्नीची गोष्ट निराळी. तिथल्या केई (म्हणजे ६६० सीसीपर्यंतच्या छोट्या) गाड्यांना कंपन्यांनी आपसात ठरवलेली ६४ पीएसची मर्यादा आहे, त्यामुळे त्या इंजिनात थोडी जागा मुद्दाम सोडलेली असते.

२. ट्यूनरला काय मागायचं ते ठरवा

'पॉवर वाढवून द्या' एवढंच सांगू नका. ऑफ-रोडला गाडी बहुतेक वेळ १२०० ते ३५०० आरपीएममध्ये चालते. ५५०० च्या वर मिळालेले आठ पीएस तिथे कधीच कामाला येत नाहीत. मागणी लेखी द्या:

- १५०० ते ३५०० आरपीएममध्ये टॉर्क भरलेला हवा, मध्ये खड्डा नको.
- पेडलचा पहिला एक तृतीयांश भाग मऊ हवा. दगडावर पाय हलतो, आणि तेवढ्याने गाडीने उडी मारता कामा नये.
- आयडल (पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) स्थिर हवं, लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू पण जास्त ओढीच्या गिअरमध्ये) क्लच सोडताना इंजिन बंद पडू नये.
- रेव्ह लिमिट आणि तापमानाची संरक्षणं जशीच्या तशी.

पेडलच्या मुद्द्यावर खास लक्ष द्या, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. पेडलचा तक्ता तीक्ष्ण केला, म्हणजे २० टक्के पेडलला ४० टक्के थ्रॉटल उघडला, तर गाडी एकदम 'जोरदार' वाटते. प्रत्यक्षात इंजिनाची ताकद तसूभरही वाढलेली नसते. असं काम रीमॅप म्हणून विकलं जातं. ऑफ-रोड गाडीत ते घातक आहे: चढावर चाकं गरगर फिरतात आणि पकड जाते.

३. इंजिन निरोगी आहे का ते तपासा

आजारी इंजिनावर रीमॅप केला की आजार वाढतो. ही तपासणी घाईत उरकू नका, एक पूर्ण दिवस यासाठी ठेवा.

कॉम्प्रेशन टेस्ट: इंजिन गरम करा, सगळे स्पार्क प्लग काढा, इंजेक्टर आणि इग्निशनची जोडणी सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघा.

फ्युएल ट्रिम: ट्रिम म्हणजे मिश्रण नीट राहावं म्हणून ईसीयू इंधनात करते ती कमी-जास्त दुरुस्ती. स्कॅनरवर शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिम बघा. दोघांची बेरीज ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० टक्क्यांच्या वर असेल तर आधी कारण शोधा. आयडलला ट्रिम जास्त आणि ३००० आरपीएमला कमी होत असेल तर इनटेकमध्ये हवा गळते आहे. लोड वाढल्यावर ट्रिम वाढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा एअर-फ्लो सेन्सर संशयित.

धूळ: एअर फिल्टरनंतरच्या पाइपात आतून पांढरं कापड फिरवा. मातीचा थर लागला तर फिल्टर किंवा स्नॉर्कलचा (हवा उंचावरून घेणाऱ्या नळीचा) जोड गळतोय. तीच धूळ सिलिंडर घासते आहे.

रेडिएटर: पंखांत चिखल वाळून बसलेला असतो. बाहेरून दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुवा, जेटने पंख वाकतात.

क्लच: चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पेडल पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट आताच घसरते आहे. वाढलेला टॉर्क ती पेलणार नाही.

प्लग नवे टाका. टर्बो इंजिनात बूस्ट वाढवणार असाल तर एक पायरी थंड प्लग घ्या आणि गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते आणि इंजिन मिस मारतं.

४. साहित्य आणि कागद जमवा

- स्थिर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय, १३ ते १३.८ व्होल्ट, किमान ३० अँपिअर. साधा बॅटरी चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज वरखाली होतं.
- ओबीडी लॉगर (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावून इंजिनाचे आकडे नोंदवणारं साधन), आणि शक्य असेल तर ट्यूनिंग टूलचाच वेगवान लॉगर.
- वाइडबँड लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा; लॅम्डा १ म्हणजे आदर्श मिश्रण, त्याखाली इंधन जास्त), उदाहरणार्थ बॉश एलएसयू ४.९, आणि त्याचा कंट्रोलर.
- अस्सल ट्यूनिंग टूल. नकली टूल अर्ध्यात लटकतात आणि ईसीयू निकामी करतात.
- गाडीची नोंदणी, चॅसिस नंबर, ईसीयूवरचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअर आयडी. फोटो काढून ठेवा.
- वॉरंटी आणि विम्याच्या अटी. वॉरंटीतल्या गाडीचा ईसीयू बदलल्याचं सर्व्हिस सेंटरला कळू शकतं, आणि विमा कंपनीला बदल न कळवल्यास दावा अडू शकतो. सर्वांत आधी तुमच्या भागातले नियम बघा, कारण बऱ्याच ठिकाणी इंजिनातले असे बदल परवानगीशिवाय चालत नाहीत.

वाइडबँड बसवताना सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी घ्या. एम १८ × १.५ चं नट एक्झॉस्टला वेल्ड करावं लागतं, आणि सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश वर तिरका हवा. पूर्ण आडवा किंवा खाली तोंड करून लावला तर एक्झॉस्टमधलं साठलेलं पाणी त्यावर जातं आणि गरम सेरॅमिक तडकतं.

५. आधीची नोंद घ्या

बदल झाला की नाही हे नंतर मनाने ठरवता येत नाही. आरपीएम, लोड, मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब) किंवा एअर-फ्लो, इग्निशन टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते), इनटेक हवेचं तापमान, कूलंट तापमान, दोन्ही ट्रिम आणि लॅम्डा, एवढं एकत्र लॉग करा. सपाट, मोकळा, खाजगी किंवा बंद रस्ता निवडा. तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ५००० आरपीएमपर्यंत पेडल पूर्ण दाबून चढवा, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, आणि लागलेला वेळ लिहा. टायरचा दाब, टाकीतलं इंधन, हवेचं तापमान लिहून ठेवा.

डायनो मिळत असेल तर उत्तम, पण 'आधी' आणि 'नंतर' त्याच दिवशी, त्याच डायनोवर. दोन वेगळ्या डायनोंत सहज पाच टक्क्यांचा फरक निघतो, म्हणजे तुमची सगळी वाढ त्यातच हरवते. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर गाडी दोन चाकांच्या डायनोवर टू-व्हील ड्राइव्हमध्येच चढवा. फोर-व्हीलमध्ये राहिली तर ती रोलरवरून उडी मारून बाहेर येईल. सतत चारही चाकं चालणाऱ्या गाडीला चार रोलरांचा डायनोच लागतो.

६. मूळ फाइल स्वतःच्या गाडीतून वाचून घ्या

बऱ्याच टूलमध्ये 'व्हर्च्युअल रीड' असतं. टूल फक्त सॉफ्टवेअर आयडी वाचतं आणि त्या आयडीची फाइल स्वतःच्या साठ्यातून आणून देतं. ती तुमच्या गाडीतली फाइल नसते. गाडी जुनी घेतलेली असेल आणि आधीच्या मालकाने रीमॅप केलेला असेल, तर ते कधी कळणारच नाही, आणि कदाचित त्याच गोष्टी पुन्हा वाढवल्या जातील.

म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण प्रत्यक्ष वाचन मागा, ओबीडीवरून नाहीतर ईसीयू काढून बेंचवर (गाडीबाहेर टेबलावर). फ्लॅशबरोबर (तक्ते असलेल्या मेमरीबरोबर) ईईप्रॉम या दुसऱ्या छोट्या मेमरीचीही प्रत घ्या, इमोबिलायझरची (किल्ली ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेची) माहिती बहुधा तिथे असते. फाइल दोनदा वाचा आणि दोन्ही प्रती शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या आहेत का तपासा. तुमची एक प्रत तुमच्याकडे ठेवा, फक्त ट्यूनरच्या लॅपटॉपवर नको.

७. मॅपमध्ये काय बदलायचं

हे काम ट्यूनर करणार असला तरी काय चाललंय ते तुम्हाला कळायला हवं, म्हणजे प्रश्न विचारता येतात.

*इंधन.* पेट्रोलचं आदर्श मिश्रण १४.७:१, पण इथेनॉल मिसळलं की ते बदलतं. १० टक्के इथेनॉलला ते १४.१ च्या जवळ येतं, २० टक्क्यांना साडेतेराच्या. म्हणून एअर-फ्युएल रेशोत बोलू नका, लॅम्डात बोला, इंधन कुठलंही असलं तरी लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण लोडवर ०.८६ ते ०.८९ लॅम्डा चांगला. टर्बोला ०.८० च्या आसपास, तापमान सांभाळण्यासाठी. त्यापेक्षा मिश्रण आणखी गडद केलं, म्हणजे इंधन आणखी वाढवलं, तर ताकद घटते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर जातो.

*टायमिंग.* टर्बो नसलेल्या इंजिनात खरी वाढ इथून येते. पण एक-एक अंशानेच पुढे जायचं. प्रत्येक पायरीनंतर नॉकचा (इंधन अवेळी, झटक्याने पेटून होणाऱ्या ठोक्याचा) लॉग बघायचा. एखाद्या भागात एक अंश वाढवूनही टॉर्क वाढला नाही, तर तिथे मर्यादा आली. तिथून दोन अंश मागे घ्या आणि सोडून द्या. नॉकिंग सर्वांत आधी कमी आरपीएम आणि जास्त लोडला येतं, म्हणजे मोठ्या गिअरमध्ये चढ चढताना. ऑफ-रोड गाडी नेमकी तिथेच राबते. त्यामुळे २००० आरपीएमच्या खाली टायमिंग वाढवण्याचा मोह आवरा.

*इंधनाचा दर्जा.* मॅप तुम्ही भरू शकाल अशा सर्वांत कमी ऑक्टेनच्या इंधनावर बांधा. शहरात ९५ मिळतं म्हणून ९५ वर बांधलेला मॅप, दूरच्या वाटेवर कॅनमधलं ९१ टाकलं की नॉक करायला लागतो.

*व्हॉल्व्ह टायमिंग.* के१५बीसारख्या इंजिनात इनटेक कॅमचं टायमिंग बदलतं. त्याचा तक्ता जुळवला तर मधल्या आरपीएमचा खड्डा बराच भरतो. इथे डायनोवर वेळ द्यावा लागतो, म्हणून घाईत काम करणारे हे टाळतात.

*टॉर्कचे तक्ते.* नवी ईसीयू पेडलवरून आधी टॉर्कची मागणी काढते, मग हवा, मग थ्रॉटल. एकच तक्ता वाढवला आणि मर्यादेचे तक्ते तसेच ठेवले तर ईसीयू आपणच थ्रॉटल मिटवते, किंवा गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे बचावासाठी ताकद फार कमी करते. अर्धवट रीमॅपची ही ठळक खूण.

*इंजेक्टर.* ६००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं असतं. इंजेक्टर त्यातले १७ मिलिसेकंद उघडा राहिला तर तो ८५ टक्के क्षमतेवर आहे, आणि तिथेच थांबायचं. टर्बो गाडीत ही मर्यादा अचानक गाठली जाते.

*टर्बो.* बूस्ट ०.१ बारच्या पायरीने वाढवा. मूळ पार्टवर एकूण ०.२ बार पुरे. छोटा टर्बो त्यापलीकडे हवा दाबण्यापेक्षा तापवतोच जास्त. पी०२३४ हा ओव्हरबूस्टचा कोड आला तर तो पुसू नका, वेस्टगेटचं (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेचं) नियंत्रण तपासा.

*डिझेल.* नुसता इंजेक्शनचा काळ वाढवला की इंधन उशिरापर्यंत जळत राहतं आणि एक्झॉस्ट तापतो. रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या डिझेलचा दाब), बूस्ट आणि इंधन एकत्र जुळवावं लागतं. टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान लांब चढावर ७५० अंशांच्या खाली ठेवा. काळा धूर म्हणजे वाया गेलेलं डिझेल.

*न बदलायच्या गोष्टी.* इनटेक हवा तापल्यावर टायमिंग मागे घेणारा तक्ता, कूलंट तापल्यावरची संरक्षणं, नॉकची सुधारणा. काही जण डायनोवर छान आकडा यावा म्हणून हे सपाट करतात. डायनोवर समोर मोठा पंखा असतो, गाडी थंड राहते. लो रेंजमध्ये ताशी पाच किलोमीटरने चढताना बॉनेटखालची हवा चांगलीच तापते, आणि तेव्हा हीच संरक्षणं पिस्टन वाचवतात. ईजीआर, डीपीएफ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही धुराचं प्रदूषण कमी करणारी साधनं बंद करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि ताकदीसाठी त्याची गरजही नसते.

एक बदल मात्र आवर्जून मागा, ईसीयू परवानगी देत असेल तर: रेडिएटरचा पंखा चार-पाच अंश आधी सुरू करणं.

८. फ्लॅश करताना

पॉवर सप्लाय जोडा. एसी, दिवे, म्युझिक सिस्टीम बंद. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप आणि अपडेट बंद, वायफाय बंद. इग्निशन चालू, इंजिन बंद. लिहिताना डॅशवरचे दिवे लुकलुकतील, पंखे पूर्ण वेगाने फिरू शकतात, घाबरू नका. ते पंखे बराच करंट खातात, म्हणूनच सप्लाय मोठा सांगितला.

मध्येच अडकलं तर केबल ओढू नका, बॅटरी काढू नका. टूलच्या रिकव्हरीने पुन्हा लिहा. तेही जमलं नाही तर ईसीयू काढून बेंचवर मूळ फाइल घालावी लागेल. फाइलचा चेकसम (फाइल बरोबर आहे का हे ईसीयू ज्यावरून तपासते तो आकडा) दुरुस्त झाला आहे याची खात्री लिहिण्याआधीच करून घ्या, कारण चुकीच्या चेकसमवर गाडी सुरूच होत नाही.

लिहून झाल्यावर इग्निशन काही मिनिटं बंद ठेवा, कोड पुसा, आणि दहा मिनिटं आयडलवर चालू द्या म्हणजे थ्रॉटल नव्याने शिकेल.

९. चाचणी: रस्ता आधी, डोंगर नंतर

पहिल्या वीस किलोमीटरला पेडल पूर्ण दाबू नका. ट्रिम बघा, लॅम्डा बघा. मग पायरी ५ मधली चाचणी तशीच करा. लॉगमध्ये एखाद्या जागी टायमिंग अचानक ३-४ अंशांनी घसरत असेल तर तिथे नॉक आहे. ट्यूनरला तो लॉग पाठवा आणि तेवढाच भाग मागे घ्या.

पी०१७१ हा कोड आला तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय. पी०३००, म्हणजे मिसफायरचा कोड, आला तर प्लग, कॉइल आणि गॅप बघा.

त्यानंतर लो रेंज. पहिल्या गिअरमध्ये पेडलला पाय न लावता आयडलवर गाडी हलकेच चढावर न्या. इंजिन धापा टाकत असेल तर आयडलचा टॉर्क कमी आहे. उतारावर इंजिन ब्रेक तितकाच आहे का ते पाहा. काही मॅपमध्ये पेडल सोडल्यावर इंधन बंद होणं उशिरा होतं आणि गाडी उतारावर सुटल्यासारखी वाटते. हे लगेच दुरुस्त करून घ्या. शेवटी गरम दिवशी अर्धा तास सावकाश चढवा आणि कूलंट व इनटेक तापमान लिहा.

१०. पुढे सांभाळायचं ते

ऑइल बदलण्याचं अंतर कमी करा, ऑफ-रोड वापरात तर नक्कीच. पहिल्या १००० किलोमीटरनंतर प्लग काढून पाहा. पोर्सिलेनवर काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर नॉकिंग चालू आहे, आणि चंदेरी ठिपके म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम. गाडी वापरू नका, मूळ फाइल परत घाला.

सर्व्हिस सेंटरला गाडी देताना ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट करू नये असं जॉब कार्डवर लिहून घ्या. अपडेट झालं की तुमचा मॅप पुसला जातो, आणि नव्या सॉफ्टवेअर आवृत्तीवर जुनी ट्यून केलेली फाइल सरळ टाकली तर ईसीयू अडकू शकते. अशा वेळी नव्या आवृत्तीची मूळ फाइल आधी वाचून घ्या आणि मॅप तिच्यावर नव्याने बांधून घ्या.